स्कॉटलंडमधले सगळे लोक 'स्कॉट' कधी झाले, हे कागदांवरून स्वतः कसं शोधायचं

मध्ययुगातलं एक राज्य, त्यात पाच-सहा वेगवेगळे लोक, जवळपास तितक्याच भाषा, आणि चारशे वर्षांनी बघावं तर सगळे स्वतःला एकाच नावाने ओळखतायत. हे कसं होतं याबद्दल मतं सगळ्यांकडे असतात, पण ते कागदावर शोधायचं कसं हे फारसं कोणी सांगत नाही म्हणून हे लिहितोय. उदाहरण स्कॉटलंडचं घेतलंय कारण राज्य लहान, कागद बऱ्यापैकी टिकलेले, त्यातले खूपसे इंग्लिश भाषांतरासकट नेटवर फुकट बघायला मिळतात, आणि मुख्य म्हणजे तिथे हा बदल होताना दिसतो, नुसता झालाय असं समजून चालावं लागत नाही.

आधी एक काम करा. तोंडाला निळा रंग फासलेले सिनेमातले योद्धे, किल्ट, घराण्यागणिक वेगळा टार्टन, हे सगळं डोक्यातून काढून टाका. आज दिसतो तसला किल्ट अठराव्या शतकातला आहे आणि घराण्यांचे टार्टन तर त्याहून नवीन. आपल्याला बघायचाय तो काळ साधारण ९०० ते १४०० चा.

नकाशा घ्या, पण आजचा नको

कोरा नकाशा घ्या आणि त्यावर फोर्थची खाडी शोधा, एडिनबरो जिच्या दक्षिण काठावर आहे ती. या खाडीवर बोट ठेवूनच पुढचं सगळं वाचायचंय. आता ८५० च्या आसपासचे लोक भरा. खाडीच्या उत्तरेला पिक्ट, ज्यांचे कोरीव दगड अ‍ॅबरलेम्नोसारख्या गावात आजही उभे आहेत. पश्चिम किनाऱ्यावर, आयर्लंडच्या समोर, डाल रिआटाचे गेल, ज्यांना लॅटिनमध्ये स्कोटी म्हणायचे. क्लाइड नदीकाठी ब्रिटन लोक, यांची भाषा वेल्शच्या जवळची, आणि यांचा डंबार्टनचा किल्ला ८७० मध्ये व्हायकिंगांनी चार महिने वेढा घालून घेतला. खाडीच्या दक्षिणेला लोदियन, तिथे अँगल, म्हणजे सरळ इंग्लिश बोलणारे. बेटांवर आणि उत्तरेच्या टोकाला नॉर्स. आणि नैऋत्य कोपऱ्यात गॅलोवे, तिथे गेल आणि नॉर्स यांची अशी काही सरमिसळ झालेली की शेजारीपाजारी त्यांना वेगळेच लोक धरायचे.

यात नॉर्मन, म्हणजे फ्रान्सच्या नॉर्मंडीतले फ्रेंच बोलणारे लोक, अजून आलेलेच नाहीत. ते पुढे.

नकाशा भरून झाला की स्वतःला विचारा, यातला स्कॉट कोण? फक्त एक, ते गेल. मग बाकीचे कधी झाले, एवढाच आपला शोध आहे.

पहिला टप्पा लवकर होतो. आयर्लंडमधल्या वार्षिक नोंदींमध्ये ८५८ साली वारलेल्या केनेथ मॅकअल्पिनला पिक्टांचा राजा म्हटलंय, आणि ९०० साली त्याचा नातू वारला तेव्हा त्याला अल्बाचा, म्हणजे गेलिकमध्ये स्कॉटलंडचा, राजा म्हटलंय. घराणं तेच, जमीन तीच, नाव बदललं. पिक्ट कुठे गेले यावर लोक रहस्यकथा रचतात, पण सगळ्यांची कत्तल झाली याला भरवशाचा पुरावा नाही, त्यांनी हळूहळू गेलिक भाषा आणि नवं नाव उचललं असं समजणंच जास्त पटतं. हे लक्षात ठेवा, कारण चारशे वर्षांनी याच पिक्टांबद्दल पोपला एक मोठी थाप लिहून पाठवली जाणार आहे.

पत्राचा मायना वाचा

मोडी कागद चाळलेल्या माणसाला हे सांगायला नको की मजकुराआधी मायना बघायचा, कोण कोणाला काय म्हणून लिहितोय ते. इथेही तेच करायचं. स्कॉटलंडच्या राजांच्या सनदा लॅटिनमध्ये आहेत, बऱ्याचशा छोट्या असतात, आणि सुरुवातीलाच राजा कोणाला उद्देशून बोलतोय ते येतं.

डेव्हिड पहिला (राज्य ११२४ ते ११५३) याच्या सनदा घ्या. हा राजा तरुणपणी इंग्लंडच्या दरबारात वाढलेला, आई मार्गारेट इंग्लंडच्या जुन्या राजघराण्यातली, त्यामुळे गादीवर आल्यावर त्याने तिकडची माणसं भराभर आणून वसवली. रॉबर्ट द ब्रूसला अ‍ॅननडेल दिलं, हे घराणं नॉर्मंडीतलं. वॉल्टर फिट्झअ‍ॅलनला राजवाड्याचा कारभारी केलं, हे घराणं ब्रिटनीतून श्रॉपशरमार्गे आलेलं, आणि यांचेच वंशज पुढे स्टुअर्ट राजे. फ्रेस्किन नावाच्या फ्लेमिश, म्हणजे आजच्या बेल्जियमकडच्या, माणसाला मोरेमध्ये जमीन मिळाली, त्याचे वंशज मरे. बेरिक, रॉक्सबर्ग, एडिनबरो, पर्थ अशा बाजारपेठा उभ्या राहिल्या आणि त्यात फ्लेमिश आणि इंग्लिश व्यापारी येऊन बसले. राज्यातलं पहिलं नाणंही याचंच, कार्लाइल हातात आल्यावर ११३६ च्या सुमाराला पाडलेलं.

आणि याचा मायना काय? आपल्या राज्यातल्या सगळ्या भल्या माणसांना, फ्रेंच, इंग्लिश आणि स्कॉट, कधी त्यात गॅलोवेवाल्यांची पण भर. म्हणजे राजाच्या दफ्तरालाच मान्य होतं की आपली प्रजा तीन-चार वेगवेगळ्या लोकांची आहे आणि त्यात लपवण्यासारखं काही नाही. ११३८ मध्ये हा राजा इंग्लंडवर चालून गेला तेव्हाच्या इंग्लिश लेखकांनी त्याच्या सैन्याचं वर्णन केलंय, त्यात नॉर्मन, जर्मन, इंग्लिश, कंब्रियन, लोदियनचे, गॅलोवेचे, स्कॉट अशी यादीच आहे. आणि लढाईच्या तोंडावर आघाडीला कोण उभं राहणार यावरून गॅलोवेवाले आणि चिलखतवाले नॉर्मन यांचं भांडण झालं, शेवटी गॅलोवेवाल्यांनी हट्टाने आघाडी घेतली आणि लढाई हरली. एक राजा होता, एक सैन्यही होतं, पण 'आपण' असं काही नव्हतं.

आता खाडीकडे परत या. बाराव्या शतकातलं एक लॅटिन टिपण आहे, त्यात सरळ लिहिलंय की फोर्थ नदी स्कॉटांचं आणि इंग्लिशांचं राज्य वेगळं करते. आणि माझा सगळ्यात आवडता पुरावा म्हणजे ड्रायबर्ग मठातला अ‍ॅडम नावाचा धर्मगुरू. हा ११८० च्या सुमाराला लिहितो की आम्ही राहतो ती जमीन इंग्लिशांची आणि राज्य स्कॉटांचं. त्याला यात काहीच विचित्र वाटत नाही! आपल्याला वाटतं, कारण देश, लोक आणि राज्य या तिन्हीला एकच नाव असतं हे आपण शाळेपासून धरून चाललोय.

मग शोधायचं काय तर हा अ‍ॅडम विचित्र कधी वाटायला लागतो. डेव्हिडचा नातू विल्यम याच्या कारकिर्दीत, म्हणजे ११६५ ते १२१४ मध्ये, सनदांमधून ती फ्रेंच-इंग्लिश-स्कॉट यादी मागे पडत जाते आणि नुसतं राज्यातल्या सगळ्या भल्या माणसांना एवढंच उरतं. आणि ड्रायबर्गच्या शेजारच्याच मेलरोझ मठाच्या नोंदवहीत तेराव्या शतकाच्या उत्तरार्धात इथल्या माणसाला स्कॉट म्हणताना लेखणी अडखळत नाही. जेमतेम शंभर वर्षं. स्कॉटलंड हे नावही याच काळात खाडी ओलांडून दक्षिणेला पसरलं, आधी ते फक्त उत्तरेचं होतं.

पण घाई नको. मायन्यातली यादी गेली म्हणजे लोक एक झाले असं लगेच लिहून टाकू नका, कारण इंग्लंडच्या राजाच्या दफ्तरातही फ्रेंच-इंग्लिश असं लिहायची पद्धत होती आणि तीसुद्धा याच सुमाराला बंद पडली, म्हणजे थोडा भाग लेखनिकांच्या फॅशनचाही असणार. म्हणून एका पुराव्यावर कधीच थांबायचं नाही, दुसऱ्या दिशेने तीच गोष्ट येते का ते बघायचं. हे करून बघायला पीपल ऑफ मेडिएव्हल स्कॉटलंड नावाचा फुकट डेटाबेस आहे, त्यात राजा निवडा, सनदा तारखेने लावा, आणि पन्नास-साठ सनदांचे मायने ओळीने वाचत सुटा. लॅटिन येत नसलं तरी चार शब्द ओळखता आले की भागतं. कंटाळवाणं काम आहे, पण दुसऱ्याचं मत वाचण्यापेक्षा याने जास्त कळतं.

आडनावांचाही उपयोग होतो, जपून केला तर. आपल्याकडे मुंबई-पुणे-साताऱ्यात आलेले तीन स्कॉट घ्या, एल्फिन्स्टन, माल्कम आणि सातारचा ग्रँट डफ. माल्कम हे नाव गेलिक, ग्रँट फ्रेंच वळणाचं, आणि एल्फिन्स्टन हे लोदियनमधल्या गावाचं, म्हणजे इंग्लिश बोलणाऱ्यांच्या भागातलं. तिघांच्या नावात तीन थर, आणि तिघांनाही आपण स्कॉट असण्याबद्दल शंका नाही.

मग चर्चकडे वळा, लोक इथेच चुकतात

ओळख म्हटलं की सगळे लढाया काढून बसतात. मला विचाराल तर चर्चचे कागद आधी वाचा. यॉर्कचा आर्चबिशप कित्येक वर्षं म्हणत होता की स्कॉटलंडचे बिशप माझ्या हाताखाली. हे चालू देणं म्हणजे अख्ख्या राज्यालाच इंग्लंडचा एक जिल्हा म्हणून घेण्यासारखं. त्यात ११७४ मध्ये विल्यम राजा अ‍ॅनिकला पकडला गेला आणि फलेझच्या तहात त्याला इंग्लंडच्या राजाचं मांडलिकत्व लिहून द्यावं लागलं. ते सुटलं ११८९ मध्ये, इंग्लंडचा नवा राजा रिचर्ड याला क्रुसेडसाठी पैसा हवा होता, त्याने १०,००० मार्क घेऊन तह मोडीत काढला. आणि ११९२ मध्ये पोपने सांगून टाकलं की स्कॉटलंडचं चर्च ही रोमची खास लेक, मध्ये कोणी नाही. गंमत म्हणजे गॅलोवेचा बिशप यात नव्हता, तो यॉर्कच्याच हाताखाली राहिला.

याचा अर्थ काय ते बघा. फोर्थच्या दक्षिणेचा ग्लासगोचा बिशप, उत्तरेचा सेंट अँड्र्यूजचा, गेलिक भागातले, इंग्लिश भागातले, सगळे एका गटात आले आणि गटाचं नाव स्कॉटिश. आणि या मंडळींचा यात रोजच्या जगण्याचा स्वार्थ होता, राज्य गेलं तर यॉर्क पुन्हा डोक्यावर बसणार. म्हणून पुढे १३०६ मध्ये त्या अ‍ॅननडेलच्या घराण्यातल्याच रॉबर्ट ब्रूसने गादीसाठी आपला प्रतिस्पर्धी जॉन कॉमिन याचा चर्चमध्ये खून केला, तरीही ग्लासगोचा बिशप विशार्ट त्याच्या बाजूने उभा राहिला, याचं कोडं वाटायचं कारण नाही. स्वतःचा आर्चबिशप मात्र त्यांना १४७२ पर्यंत मिळाला नाही.

कायद्याचं थोडक्यात. शेरीफ, म्हणजे राजाचे जिल्हा अधिकारी, नेमले, राजाच्या नावाने हुकूमनामे काढायची एक पद्धत बसली, आणि तक्रार घेऊन जायची जागा बहुतेक राज्यभर सारखी झाली. पण सगळे जुने रिवाज गेले नव्हते. १३०५ मध्ये स्कॉटलंड ताब्यात घेतलेल्या इंग्लंडच्या राजाने, एडवर्ड पहिल्याने, स्कॉट आणि ब्रिटन लोकांचे रिवाज बंद म्हणून हुकूम काढला, म्हणजे तोवर ते होते, आणि गॅलोवेचे वेगळे कायदे तर १३८४ मध्येही मान्य केलेले दिसतात. तेव्हा एक राष्ट्र म्हणजे एक कायदा असं समीकरण इथे लावू नका. तहांमध्येही हेच शोधा: १२३७ च्या यॉर्कच्या तहाने दक्षिणेची सीमा ठरली, आणि १२६६ च्या पर्थच्या तहात नॉर्वेने ४,००० मार्क आणि वर्षाला १०० मार्क या बोलीवर पश्चिमेची बेटं सोडली, तेव्हा बेटांवरचे लोक इथून पुढे स्कॉटलंडच्या कायद्याने आणि रिवाजाने चालतील असं लिहिलं. त्यांना स्कॉट म्हटलं नाही, कायद्याखाली आणलं.

राजा मेल्यावर काय होतं ते बघा

ही सगळ्यात कामाची ट्रिक आहे आणि कुठल्याही मध्ययुगीन राज्याला लागू पडते. राजा जिवंत असतो तेव्हा लोक त्याला निष्ठ आहेत की राज्याला, हे कळायला मार्गच नसतो. राजा गेला, वारस नाही, आणि तरी कारभार चालू राहिला, तर समजायचं काहीतरी तयार झालंय.

१९ मार्च १२८६ ला अलेक्झांडर तिसरा रात्री वादळात घोड्यावरून निघाला आणि किंगहॉर्नजवळ पडून मेला. मुलं आधीच गेलेली, वारस म्हणजे नॉर्वेतली लहानगी नात. आता इथे राज्य फुटायला हवं होतं, नाही का? फुटलं नाही. दोन बिशप, दोन अर्ल, दोन सरदार असे सहा पालक निवडले गेले आणि त्यांनी राज्याच्या समुदायाच्या नावाने कारभार केला. त्यांचा शिक्का बघा, त्याचं चित्र सहज सापडतं. एका बाजूला राजाच्या जागी नुसती सिंहाची ढाल. दुसऱ्या बाजूला क्रॉसवरचा सेंट अँड्र्यू, आणि त्याला विनंती की स्कॉटांचा, तुझ्या देशबांधवांचा, पुढारी हो. राजा नाही म्हणून संताला पुढारी केलं, तेही गॅलिलीतल्या कोळ्याला, आणि देशबांधव म्हणून! आणि हे करणाऱ्या सहांमध्ये कॉमिन आणि स्टुअर्ट आहेत, म्हणजे ज्यांचे पणजोबा-खापरपणजोबा डेव्हिडच्या मायन्यात फ्रेंच या खात्यात बसले असते ते.

माझ्या मते राष्ट्र शोधायचं तर ते इथे, १२८६ मध्ये सापडतं. लढाई अजून सुरूच व्हायचीय. म्हणजे इंग्लंडच्या मारामुळे हे लोक एक झाले ही जी नेहमीची गोष्ट आहे ती अर्धीच खरी. राज्य, चर्च, दफ्तर यांनी दीडशे वर्षं गुपचूप काम केलेलं होतं, मार बसला तेव्हा ते उघड झालं आणि घट्ट झालं.

पुढचं पटकन. १२९० च्या इंग्लंडबरोबरच्या बर्गमच्या करारात स्कॉटलंड वेगळं आणि स्वतंत्र राहील असं लिहून घेतलं. त्याच वर्षी ती मुलगी ऑर्कनीत वारली. एडवर्ड पहिला गादी कोणाची याचा निवाडा करायला आला आणि आधी मला वरिष्ठ माना म्हणाला, तर १२९१ मध्ये त्याला उत्तर गेलं की राजाच नसताना आम्ही कोण याचं उत्तर देणारे. हे उत्तर नक्की वाचा, टाळाटाळीचा उत्तम नमुना आहे. शेवटी १२९२ मध्ये दावेदारांपैकी जॉन बॅलियल राजा झाला, १२९६ मध्ये एडवर्डने बेरिक लुटलं आणि राज्याभिषेकाचा दगड स्कोनहून वेस्टमिन्स्टरला नेला.

१२९७ मध्ये स्टर्लिंगच्या पुलावर इंग्लिशांना हरवल्यावर स्कॉट सैन्याचे पुढारी विल्यम वॉलेस आणि अँड्र्यू मरे यांनी ल्यूबेक आणि हॅम्बुर्गच्या व्यापाऱ्यांना पत्र पाठवलं की आमची बंदरं पुन्हा उघडी आहेत, माल पाठवा, राज्य इंग्लिशांकडून लढून परत घेतलंय. धंद्याचं पत्र आहे, भाषणबाजी काही नाही, आणि ते राज्याच्या समुदायाच्या नावाने आहे. असल्या रोजच्या व्यवहाराच्या कागदावर जास्त विश्वास ठेवा, कारण तिथे कोणी स्वतःला थोर दाखवायला बसलेलं नसतं. आणि पाठवणारे कोण, मरे म्हणजे फ्लेमिश फ्रेस्किनचा वंशज, आणि वॉलेस या नावाचा अर्थच मुळी ब्रिटन किंवा वेल्श माणूस.

उलटा पुरावाही गोळा करा

हे केलं नाही तर तुम्ही इतिहास लिहीत नाही, पोवाडा लिहिताय. १२९६ मध्ये शेकडो जमीनदारांनी एडवर्डपुढे निष्ठेची शपथ घेतली, ती गुंडाळी आजही आहे. खुद्द रॉबर्ट ब्रूस कधी इकडे कधी तिकडे, १३०२ मध्ये तर एडवर्डला जाऊन मिळालेला. कारण या लोकांच्या जमिनी सीमेच्या दोन्ही बाजूंना होत्या, एक राजा निवडला की अर्धी मिळकत गेली. मग हे सुटलं कसं? ब्रूसने बॅनकबर्नला इंग्लिशांना हरवल्यानंतर, नोव्हेंबर १३१४ मध्ये, केंबसकेनेथच्या सभेत ठरलं की जे अजून ब्रूसकडे आले नाहीत त्यांच्या इथल्या जमिनी जप्त. इकडचे व्हा नाहीतर तिकडचे. देशप्रेमाच्या गाण्यांपेक्षा या एका ठरावाने सरदारांना स्कॉट बनवायचं काम जास्त केलं असं मला वाटतं, आणि त्यात काही वाईट दिसत नाही.

बायका कागदात फार कमी भेटतात, पण एक शोधा. १३०६ मध्ये ब्रूसला स्कोनला गादीवर बसवायचं तर रिवाजाप्रमाणे तो मान फाइफच्या अर्लचा, आणि तो इंग्लिशांच्या ताब्यात. मग त्याच घराण्यातली इझाबेला आली, बुकनची काउंटेस, जिचा नवरा कॉमिन घराण्यातला, म्हणजे ब्रूसचा हाडवैरी. तिने त्याला बसवलं. नंतर ती एडवर्डच्या हाती लागली आणि त्याने तिला बेरिकच्या किल्ल्यात पिंजऱ्यात ठेवलं, काही वर्षं.

दंतकथा टाकून देऊ नका

१२४९ मध्ये अलेक्झांडर तिसऱ्याला स्कोनला गादीवर बसवलं तेव्हा त्याला आठवं वर्ष चालू होतं. सगळे सरदार जमलेले, बरेचसे घरी फ्रेंच बोलणारे, आणि एक म्हातारा गेल पुढे येऊन गुडघे टेकून गेलिकमध्ये त्या पोराची वंशावळ म्हणून दाखवतो, अमक्याचा मुलगा तमक्याचा मुलगा असं मागे मागे जात. किती जणांना शब्द न् शब्द कळला असेल कोण जाणे. पण सगळे उभे होते आणि ती आपल्या राजाची वंशावळ होती.

दंतकथेची तपासणी अशी करायची की ती खरी आहे का हे सोडून द्या (खरी नसतेच) आणि ती कोणाची होती आणि कोणी वापरली ते बघा. १३०१ मध्ये एडवर्डने पोपला लिहिलं की ट्रॉयहून आलेल्या ब्रूटसने हे बेट तीन मुलांत वाटलं आणि थोरल्याला इंग्लंड मिळालं, म्हणून स्कॉटलंड आमच्या हाताखाली. स्कॉटलंडचा वकील बाल्ड्रेड बिसेट याने उत्तर दिलं की आमचा ब्रूटसशी संबंधच नाही, आम्ही इजिप्तच्या फेरोची मुलगी स्कोटा हिचे वंशज. दोन्ही बाजूंचे कसलेले कायदेपंडित आणि कोर्टात मांडतायत ते हे. स्कोटाची गोष्ट मुळात गेल लोकांची, आयर्लंडकडून आलेली, ती आता अख्ख्या राज्याने घेतली.

याचा कळस म्हणजे ६ एप्रिल १३२० चं आर्ब्रोथचं पत्र, पोप जॉन बाविसाव्याला. हे पूर्ण वाचा, दोन-तीन पानंच आहे, पण गाजलेलं वाक्य शोधत जाऊ नका. शंभर जण जरी जिवंत राहिलो तरी इंग्लिशांपुढे झुकणार नाही, हे सगळ्यांना माहीत असतं. त्याच्या आधीचं वाचा: आम्ही मोठ्या सिथियातून (काळ्या समुद्राच्या उत्तरेचा प्रदेश) निघालो, स्पेनमध्ये राहिलो, ब्रिटनांना हाकललं, पिक्टांना पार नष्ट केलं, आमच्यातलेच ११३ राजे होऊन गेले. ही ती थाप. आणि आता खाली नाही तर वर, मायन्यात, पाठवणाऱ्यांची नावं बघा. स्टुअर्ट आहे, मोब्रे आहे, ऑर्कनी-केथनेसचा अर्ल मॅग्नस आहे, म्हणजे ब्रिटनीवाले, नॉर्मन, नॉर्स परंपरेतले, आणि सगळे मिळून 'आम्ही' सिथियातून आलो म्हणतायत, आणि ज्या ब्रिटनांना हाकललं त्यांचे खापरपणतूही त्याच राज्यात आहेत! हे वाचून हसू येतं खरं, पण डेव्हिडच्या यादीपासून इथपर्यंतचा प्रवास या एका 'आम्ही'त आहे.

अजून दोन गोष्टी याच पत्रात बघायच्या. एक, ब्रूसने जर राज्य इंग्लिशांना द्यायचं ठरवलं तर आम्ही त्याला काढून दुसरा राजा करू असं लिहिलंय, म्हणजे राज्य राजापेक्षा मोठं. आता हे ब्रूसच्याच मर्जीतलं पत्र, त्यामुळे याला लोकशाही वगैरे म्हणू नका, बॅलियलला बाजूला सारून ब्रूस का, याचं समर्थन त्यात दडलंय. दोन, त्याच वर्षी ब्रूसविरुद्ध कट उघडकीला आला आणि त्यात याच पत्रात नाव असलेले सूल्स, ब्रेकिन, मोब्रे सापडले. ब्रेकिनचं डोकं उडवलं, मोब्रे आधीच मेला तर त्याच्या प्रेतावर खटला चालवला. एका आवाजातल्या पत्रामागे घर किती फुटलेलं असू शकतं ते यावरून कळतं.

आणि कोणाला लिहिलंय हे विसरू नका. हाच ब्रूस आयर्लंडच्या राजांना लिहितो तेव्हा आपण एकाच रक्ताचे, भाषा एक, रिवाज एक. पोपला लिहिताना आयर्लंडचं नावही मध्ये येत नाही, स्पेनमधून थेट.

कोण बाहेर राहिलं

ओळख घडते तेव्हा कोणीतरी आत येतो आणि कोणीतरी बाजूला पडतो, म्हणून शेवटी हे तपासायचंच. ज्या गेल लोकांचं नाव, वंशावळ, दंतकथा सगळ्यांनी घेतली, तेच पुढे मागे पडले. १३८० च्या दशकात इतिहास लिहिणारा फोर्डन म्हणतो की या देशात दोन भाषा, किनाऱ्यावरचे सखल भागातले लोक सभ्य आणि डोंगर-बेटांवरचे रानटी. त्याच्याकडे गेलिकला अजून स्कॉटिश भाषा म्हणतात. पुढच्या सव्वाशे वर्षांत सखल भागातल्या इंग्लिश बोलीलाच स्कॉट्स म्हणायला लागले आणि गेलिकला आयरिश, म्हणजे परक्यांची. १४११ ची बेटांचा सरदार आणि सखल भागातलं सैन्य यांच्यातली हार्लॉची लढाई, १४९३ मध्ये बेटांच्या सरदारकीची जप्ती, हे सगळं या रांगेत लावून वाचा. ऑर्कनी-शेटलंड १४६८-६९ मध्ये डेन्मार्कच्या राजकन्येच्या हुंड्यापोटी गहाण म्हणून आले ते वेगळंच प्रकरण, तिथले लोक पुढेही बराच काळ नॉर्न ही नॉर्समधून आलेली भाषा बोलत राहिले. फोर्डन वाचताना मात्र तो बखरकार आहे हे धरून चाला, अस्सल कागदाशी ताडून घेतल्याशिवाय त्याचं काही उचलू नका.

वाचताना दोन टोकाची माणसं भेटतील. एक म्हणतील राष्ट्र वगैरे सगळं एकोणिसाव्या शतकातलं, त्याआधी शोधूच नका. त्यांना तो १२८६ चा शिक्का दाखवा. दुसरे म्हणतील स्कॉट राष्ट्र अनादि काळापासून, त्यांना ड्रायबर्गचा अ‍ॅडम द्या.

पद्धत हाताला बसली की दुसरं राज्य घ्या. हंगेरीत पहिला राजा इश्तवान याच्या नावावर मुलाला केलेला उपदेश आहे, त्यात म्हटलंय की एक भाषा आणि एक रिवाजाचं राज्य दुबळं आणि ठिसूळ असतं, तिथून सुरुवात मस्त होते. पण खरी परीक्षा सिसिलीची. ११३० मध्ये रॉजर दुसरा राजा झाला, दफ्तर लॅटिन, ग्रीक आणि अरबी तिन्हीत चालायचं, पालेर्मोत ११४९ चा एका बाईच्या कबरीचा दगड आहे ज्यावर मजकूर चार लिप्यांत कोरलाय. स्कॉटलंडपेक्षा पैसा जास्त, कारभार जास्त पक्का, आणि तरी शंभर वर्षांच्या आत, १२२० च्या दशकात, फ्रेडरिक दुसऱ्याने तिथल्या मुसलमानांना उचलून इटलीत लुचेराला नेऊन वसवायला सुरुवात केली. तिथे मायन्यापेक्षा चर्चचे कागद आधी काढा, कोणत्या प्रजेला कुठल्या धर्मपीठाशी जोडलं होतं आणि कोणाला कुठेच नाही, ते बघा, मग कायदा, आणि मग राजा मेल्यावर ११८९ मध्ये काय झालं ते.